दोन सह्यांचे कागद

आपण आता फार दिवसांचे सोबती नाही, हे डॉक्टरांच्या तोंडून ऐकल्यावर माणसं काय काय करतात. कुणी रडतं, कुणी लांबच्या नातेवाइकांना भेटून येतं, कुणी वर्षानुवर्षं अबोला धरलेल्या भावाला फोन लावतं. आमच्या बाबांनी लोखंडी रॅक मागवले.

मी रजा टाकून घरी पोचले ती रडायची पूर्ण तयारी करून. दार उघडं होतं. बाबा बाहेरच्या खोलीत स्टुलावर बसून रॅकवाल्याला सांगत होते, "वरचा कप्पा जरा खाली घे. हिचा हात पोचला पाहिजे." ही म्हणजे आई. ती स्वयंपाकघराच्या दाराला पाठ लावून उभी होती आणि तिच्या चेहऱ्यावरून कळत होतं, की तिला त्या कप्प्यापर्यंत हात पोचवायची काडीची इच्छा नाही.

"आलीस? बरं झालं," बाबा मला म्हणाले. "चपला काढ आणि पलंगाखालची खोकी बाहेर ओढ."

झालं. इतक्या लांबून आणलेलं रडू तसंच परत बॅगेत गेलं.

बाबा बांधकामाचे इंजिनिअर. इमारत दिसते कशी, हे बघणारे दुसरे. ती उभी कशी राहील, हे बघणारे बाबा. कोणत्या स्लॅबवर किती भार, कोणती तुळई किती जाड, ही गणितं त्यांनी जन्मभर केली. निवृत्त झाले तेव्हा ऑफिसला नको असलेली जुनी पानं ते खोक्यांत भरून घरी घेऊन आले होते. ती पलंगाखाली, माळ्यावर, माझ्या लहानपणीच्या कपाटात, मिळेल तिथे घुसली होती. आणि त्यांच्याच अंगाखांद्यावर घरचे कागद: माझ्या शाळेची प्रगतिपुस्तकं, आईची औषधांची चिठ्ठी, फ्रिजच्या गॅरंटीचं कार्ड, जुन्या घराचा नकाशा. बाबांचं बाकी सगळं आयुष्य फुटपट्टीने आखलेलं, पण कागदांच्या बाबतीत आमच्या घरात कायम आनंदीआनंद होता. "निवांत झालो की लावू," असं ते म्हणायचे. आता निवांत झाले होते.

त्यांची पद्धत सोपी होती. डाव्या भिंतीला घर, उजव्या भिंतीला काम. घराच्या फायली माणसांप्रमाणे, कामाच्या इमारतींप्रमाणे. प्रत्येक फायलीत पहिलं पान म्हणजे आत काय काय आहे त्याची यादी, आणि त्या पानाखाली दोन सह्या. डावीकडे 'केले', उजवीकडे 'तपासले'. ही त्यांच्या ऑफिसची रीत होती. ज्याने गणित केलं त्याने ते तपासायचं नाही, दुसऱ्याने तपासायचं. आणि दोन सह्या पडल्या की त्या कागदावर शंका घ्यायची नाही, डोळे मिटून पुढे जायचं. "नाहीतर इमारती उभ्याच राहिल्या नसत्या," बाबा म्हणायचे. "सगळे आपले पायाचीच गणितं करत बसले असते."

'केले'ची सही बाबा करणार होते. 'तपासले'ची आईने करायची होती.

"मला नाही कळत त्यातलं," आई म्हणाली.

"यादीत लिहिलेलं आत आहे का, एवढंच बघायचं. भाजीची पिशवी तपासतेस ना?"

"भाजी मी आणलेली असते."

"हेही तुलाच वापरायचं आहे," बाबा म्हणाले.

खरी गोष्ट ती होती आणि ती तिघांनाही माहीत होती. ही सगळी मांडामांड आईसाठी होती. बाबा नसताना तिला कोणताही कागद हात घालताच सापडावा म्हणून. लोक बायकोसाठी दागिने ठेवून जातात. बाबा अनुक्रमणिका ठेवून जाणार होते. मला हसूही यायचं आणि रडूही यायचं. आईला मात्र नुसता राग यायचा. बाबा शिकवायला बसले की तिला नेमकं कुकरचं आठवायचं, दारावर कुणीतरी आल्यासारखं वाटायचं. "पारपत्राची फाईल कुठे?" असं बाबांनी विचारलं, की ती चक्क उजव्या भिंतीकडे बोट दाखवायची.

"अगं, ती कामाची भिंत! पारपत्र म्हणजे घर की काम?"

"तुम्ही आहात ना सांगायला," ती म्हणायची आणि निघून जायची.

बाबा माझ्याकडे बघून खांदे उडवायचे. त्यांना वाटायचं तिचं लक्ष नाही. मला वाटायचं ती मुद्दाम हट्टीपणा करतेय. मी तिच्यावर डाफरलेसुद्धा, "त्यांना इतकं बरं वाटतं त्यात, तर शीक की जरा!" तिने माझ्याकडे असं पाहिलं, की मी मुकाट्याने खोकी पुसायला लागले.

पण बाबांना बरं वाटत होतं हे खरं. गोळ्यांनी त्यांना गुंगी यायची, दुपारी जेवणानंतर ते चांगले झोपायचे, पण सकाळी उठले की आंघोळ करून, शर्ट घालून टेबलापाशी हजर. जुनं पान हातात आलं की गोष्ट सुरू व्हायची. ही पाण्याची टाकी, हिच्या पायात खडक लागला होता. हे गोदाम, याचा मालक महाचिकट. हा जिना, यावरून तुझी आई पडली होती आणि वर मलाच म्हणाली, पायरी चुकली तुमची. त्या टेबलाशी ते आजारी नव्हते. उजवी भिंत हळूहळू भरत होती आणि त्यांच्या आवाजाला धार येत होती.

मग चुका निघायला लागल्या.

पहिली मलाच सापडली. माझ्या लहानपणीचं लसीकरणाचं कार्ड फ्रिजच्या गॅरंटीच्या फायलीत होतं. मी ते गुपचूप माझ्या फायलीत लावलं. म्हटलं, गोळ्यांची गुंगी, होणारच. मग आईच्या डोळ्यांच्या ऑपरेशनचे कागद माझ्या कॉलेजच्या गुणपत्रिकांत निघाले. मग घराच्या खरेदीच्या फायलीतून एक पान गायब. ते पाण्याच्या टाकीत सापडलं, म्हणजे टाकीच्या फायलीत. सगळ्या फायलींवर दोन्ही सह्या होत्या, बाबांची आणि आईची. मी दर वेळी गुपचूप दुरुस्त करत गेले आणि स्वतःला फार शहाणी समजत राहिले.

एकदा मान वर केली तर बाबा बघत होते.

"चुकीचं लागलं होतं?" त्यांनी विचारलं.

"नाही हो, मी नुसतीच चाळत होते."

"बरं," ते म्हणाले. त्यानंतर ते प्रत्येक कागद लावायच्या आधी हातात धरून जरा वेळ थांबायला लागले. पूर्वी ते कधी थांबत नसत.

त्याच सुमारास चष्मेवाला आला. हे नाव आईने ठेवलेलं. तो बाबांच्या हाताखाली नवखा म्हणून लागला तेव्हा चष्म्याशिवाय त्याच्यात बघण्यासारखं काही नव्हतं, असं तिचं म्हणणं. आता ऑफिसात तो बाबांच्याच खुर्चीत बसत होता. तब्येतीची चौकशी करून झाली, चहा झाला, आणि मग तो खरं काय ते बोलला. बाबांनी ऐन उमेदीत केलेलं एक सभागृह होतं. तिथल्या बाल्कनीत लोकांना आणखी खुर्च्या बसवायच्या होत्या. ऑफिसातलं मूळ गणित एका गळक्या पावसाळ्यात लगदा होऊन गेलेलं. त्याची प्रत फक्त बाबांकडे. बाल्कनी जास्तीचा भार घेईल की नाही, यावर बाबांनी लेखी मत द्यावं.

"पानं दिलीत तरी चालेल, सर. आम्ही करतो पुढचं. तुम्हाला त्रास नको."

"त्रास?" बाबा म्हणाले. इतक्या दिवसांत मी त्यांना असं ताठ बसलेलं पाहिलं नव्हतं. "अरे, पाठ आहे मला ती बाल्कनी." आणि त्यांनी फाईल न उघडता भाराचा आकडा सांगितला, तुळयांची खोली सांगितली, कोणत्या कोपऱ्याने झोप उडवली होती तेही सांगितलं. "आत्ता आहे त्यापेक्षा एक खुर्चीही जास्त नको, असं माझं मत पडेल. पण कागद बघून लिहितो. आठवणीवर इमारती उभ्या करत नाहीत."

चष्मेवाला गेल्यावर बाबा आईला म्हणाले, "बघ, अजून लागतो मी त्यांना."

आई म्हणाली, "मग बसा ना सावकाश करत. कसली घाई आहे?"

बाबांनी मत लिहायला घेतलं. घराची भिंत बाजूला राहिली. सकाळभर ते बाल्कनीच्या फायलीत. हात थरथरायचा म्हणून एकेक ओळ पुन्हा लिहायचे, मला मोठ्याने वाचायला लावायचे, एखादा शब्द ढिला वाटला की खोडायचे. एका पानाशी ते अडले. कपाळाला आठ्या घालून बराच वेळ बघत राहिले. "मी त्याला आकडा कमी सांगितला की काय?" असं पुटपुटले. मग पानाच्या खालच्या दोन्ही सह्या बघितल्या, फायलीच्या यादीवरच्या दोन्ही सह्या बघितल्या आणि म्हणाले, "कागद म्हणतो ते खरं." आणि कागद म्हणत होता ते त्यांनी उतरवून घेतलं. बाल्कनी आणखी दोन रांगा आरामात घेईल, असं मत झालं. मी ते स्वच्छ टाइप केलं, त्यांनी सही केली. त्या दिवशी ते जेवले पण नीट.

चष्मेवाला पुन्हा आला तो न कळवता. चहा नको म्हणाला. बाबांच्या शेजारी खुर्ची ओढून त्याने ते मत आणि सोबत जोडलेलं पान टेबलावर ठेवलं, आणि अगदी हळू, आजारी माणसाशी बोलतात तसं, म्हणाला, "सर, हे पान बाल्कनीचं नाही. गोदामाचं आहे. हा वरचा क्रमांक बघा."

बाबांनी बघितला. गोदामाची जमीन पोती पेलायला केलेली. तिथला भाराचा आकडा मोठा असणारच. तो बाल्कनीला लावला असता, तर भरल्या सभागृहात माणसांच्या डोक्यावर माणसं आली असती. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला फक्त बाबांची मान दिसत होती. ती खाली गेली ती वर येईना.

"होतं असं, सर. म्हणून तर मी तपासतो ना," चष्मेवाला म्हणाला.

"दोन सह्या होत्या त्यावर," बाबा म्हणाले.

"हो. गोदाम म्हणून दोन सह्या होत्या, सर."

तो गेला. बाबांनी टेबलावरचं पेन उचलून टोपण लावलं. "दुखणं डोक्यातही गेलं वाटतं," ते म्हणाले. "मला शंका होतीच. घरच्या फायलीत चुका व्हायला लागल्या तेव्हाच. ही पोर मागून सगळं सावरत होती आणि मी बघून न बघितल्यासारखं करत होतो."

मी डॉक्टरांना फोन करते म्हटलं, डोक्याचा फोटो काढून घेऊ म्हटलं. "कशाला?" ते म्हणाले. "कळून काय करायचंय? पायाला तडा गेला की वरच्या भिंतीला गेला, याने आता काय फरक पडतो?" आणि ते आत जाऊन आडवे झाले. सकाळची वेळ होती. सकाळी ते कधी आडवे होत नसत.

मी स्वयंपाकघरात गेले. आई ओट्याला धरून उभी होती. तिचा चेहरा बघून मला वाटलं चक्कर येतेय, म्हणून मी तिला खाली बसवलं.

"मी घातलं," ती म्हणाली.

"काय घातलं?"

"ते पान. सगळेच. तुझं लसीचं कार्ड, डोळ्याचे कागद. ते दुपारी झोपले की मी काढायचे एक इकडून आणि घालायचे तिकडे. घरच्या फायलीतलं तू गुपचूप सावरून टाकायचीस, म्हणून मग कामाच्या घेतल्या. मला काय कळतंय त्यातलं? सगळी पानं सारखीच आकड्यांची."

"पण का?" मी विचारलं.

"संपत आलं होतं ना," आई म्हणाली. "दोनच खोकी राहिली होती. रोज म्हणायचे, एवढं झालं की मी मोकळा. एवढं झालं की मी मोकळा! मोकळे होऊन कुठे जाणार होते? मला वाटलं, चुका निघाल्या तर परत पहिल्यापासून बघतील. महिना जाईल. काम अर्धं टाकून जाणारा माणूस नाही तो."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी तिला नाही नाही ते बोलले. म्हटलं, तुला कळतंय का तू काय केलंस? म्हटलं, त्यांना वाटतंय त्यांचं डोकं गेलं. शरीर गेलं ते त्यांनी सोसलं, पण हे? ती ऐकून घेत होती. रडतही नव्हती. मग मी तिच्या दंडाला धरून तिला उठवलं आणि म्हटलं, "आत्ताच्या आत्ता जाऊन सांग."

"सांगते," ती म्हणाली. "मी काय न सांगता राहणार होते?"

बाबा भिंतीकडे तोंड करून पडले होते. आई पलंगाच्या कडेला बसली आणि तिने मला सांगितलं तसंच सगळं त्यांना सांगितलं. काही लपवलं नाही, काही सजवलं नाही. मी दारात उभी होते आणि वाट बघत होते, की बाबा आता चिडतील. ओरडतील. मला तेच हवं होतं. ते चिडले असते, तर सगळं जागच्या जागी आलं असतं.

बाबांनी कूस बदलली. आईचा हात हातात घेतला.

"तुझं मन मोठं आहे गं," ते म्हणाले.

"अहो, मन कसलं मोठं? मी केलंय ते!"

"ऐक. आमचे मोठे साहेब होते ना, मला ज्यांनी शिकवलं ते. शेवटी शेवटी त्यांच्या गणितात चुका यायला लागल्या. साध्या, बेरजेच्या. एकदा फार मोठी झाली. साहेब आपल्या खोलीत डोकं धरून बसले होते. मी आत गेलो आणि म्हटलं, साहेब, चूक माझी. तुमची पानं मी लावली, मीच उलटसुलट केली. अगदी खरं वाटेल असं सांगितलं. कोणतं पान कुठे घातलं, का घातलं, सगळं. साहेबांनी विश्वास ठेवला. पुढचं एक काम आणखी केलं त्यांनी त्या जोरावर. ते बांधकाम आम्हाला रातोरात उतरवून घ्यावं लागलं. म्हणून मी नाही ठेवणार विश्वास. पण तू सांगायला आलीस, ते फार बरं वाटलं."

आई वेड्यासारखी माझ्याकडे बघायला लागली. मी पुढे झाले. "बाबा, ती खरं सांगतेय. आई, अजून न सापडलेलं एखादं सांग त्यांना."

"टाकीच्या फायलीत," आई घाईघाईने म्हणाली. "तुमच्या आईच्या दवाखान्याचा कागद आहे. मागून दुसरा. कुणाला सापडला नाही अजून."

मी धावत जाऊन फाईल आणली. कागद तिथेच होता. मी तो बाबांसमोर नाचवला म्हटलं तरी चालेल. बाबांनी तो बघितला, घडी सरळ केली.

"तपासताना दिसला असेल हिला," ते म्हणाले. "आणि मला वाईट वाटेल म्हणून बोलली नसेल. तू नाही का मागून सावरत होतीस? तशीच ती."

"पण बाबा, बाल्कनीचा बरोबर आकडा तुम्ही तोंडाने सांगितला होता! फाईल न उघडता! तुमच्या डोक्यात बरोबरच होतं!"

"तेच तर," बाबा म्हणाले. "बरोबर माहीत असून चुकीचा लिहिला. हे तर आणखी वाईट नाही का?"

ज्या माणसाला जन्मभर पुराव्याशिवाय काही पटलं नाही, त्याच्याशी वाद घालण्यात अर्थ नसतो. मी चष्मेवाल्यालाही फोन करून खरं काय ते सांगितलं. तो बिचारा धावत आला, आईचं नाव घेऊन सगळं बोलला. बाबांनी त्याला बसवून घेतलं, त्याच्या पाठीवर हात फिरवला आणि म्हणाले, "तुम्ही तिघांनी मिळून ठरवलंत की कसं?" मग त्यांनी त्याच्यासमोरच माझ्याकडून चार ओळी लिहून घेतल्या, की मत देण्याइतकी आपली बुद्धी आता शाबूत नाही, तरी दिलेलं मत रद्द समजावं. त्याखाली त्यांनी सही केली. हात जराही थरथरला नाही.

त्यानंतर ते टेबलाशी आले नाहीत. शर्ट घालायचंही सोडलं. आम्ही त्यांची आरामखुर्ची बाहेरच्या खोलीत, दोन्ही भिंती दिसतील अशी ठेवली, पण त्यांनी एकाही कागदाला हात लावला नाही. हातात एखादी फाईल दिली तर ती अशी धरायचे की जणू आतून काहीतरी सांडेल, आणि लगेच परत द्यायचे. गोष्टी थांबल्या. टाकीचा खडक नाही, गोदामाचा मालक नाही. कधी सुरुवात केलीच, तर मध्येच थांबून विचारायचे, "असंच होतं ना गं? की माझं काही भलतंच?" ज्या गोष्टी आम्ही शंभर वेळा ऐकल्या होत्या, त्यांची त्यांना खात्री राहिली नव्हती.

आणि आई शिकली. जिला पारपत्र कोणत्या भिंतीला ते कळत नव्हतं, तिने आठवडाभरात दोन्ही भिंती तोंडपाठ केल्या. सकाळी उठली की कामाला लागायची. एकेक फाईल काढायची, यादीशी ताडून बघायची, स्वतः इकडेतिकडे केलेले कागद शोधून जागेवर लावायची. गणितं कळत नव्हती, पण पानावरचे क्रमांक वाचायला शिकली. उरलेली दोन खोकीही तिनेच लावली. मला वाटतं, तिचा हिशेब साधा होता. चुका तिने केल्या होत्या. ती चुका करायची थांबली की चुका थांबतील, आणि मग बाबांना दिसेल. ती फाईल काढून त्यांच्या मांडीवर ठेवायची. "बघा. सगळं बरोबर आहे. बघा तरी!"

एका सकाळी बाबांनी खरंच बघितलं. दोन-तीन फायली चाळल्या, याद्यांवरून बोट फिरवलं. आई शेजारी उभी होती.

"एकही चूक नाही," बाबा म्हणाले.

"नाही ना?" आईचा आवाज चिरकला. "मी तुम्हाला काय सांगत होते?"

"मी हात लावायचा सोडल्यापासून एकही चूक नाही," बाबा म्हणाले आणि फाईल मिटली.

आई डाव्या भिंतीकडे गेली, एक फाईल ओढली, त्यातून एक कागद उपसला. उजव्या भिंतीकडे गेली, दुसरी फाईल ओढली, कागद तिच्यात कोंबला. पुन्हा डावीकडे. पुन्हा उजवीकडे. "अशी," ती म्हणत होती. "अशी करायचे मी. हे बघा. तुम्ही झोपला होता. अशी. अशी!" तिच्या हातून फायली खाली पडत होत्या. मी तिला धरायला गेले तर तिने मला ढकललं. जन्मप्रमाणपत्रं, जिने, टाक्या, माझी प्रगतिपुस्तकं, सगळी फरशीवर एक झाली.

बाबा बघत होते. एक पान घसरत त्यांच्या पायाशी आलं. ते उचलायला त्यांचा हात पुढे झाला, अर्ध्यावर थांबला, आणि त्यांनी तो परत चादरीखाली घेतला.

"पुरे गं," ते आईला म्हणाले. इतक्या मायेने मी त्यांना तिच्याशी बोलताना कधीच ऐकलं नव्हतं. "माझ्यासाठी किती खोटं बोलशील?"

आई खाली कागदांत बसली. बाबा त्यानंतर फार दिवस राहिले नाहीत, आणि ते गेले तेव्हा दोन्ही भिंती पुन्हा जागच्या जागी लागलेल्या होत्या. दवाखान्यातून माणूस आला, त्याने बाबांच्या ओळखपत्राचा कागद मागितला. आई उठली, डाव्या भिंतीशी गेली आणि न शोधता तो काढून त्याच्या हातात दिला. "किती व्यवस्थित ठेवलंय हो सगळं," तो माणूस म्हणाला. "कुणी लावलं?"

आईने माझ्याकडे बघितलं. मीच त्याला सांगितलं की बाबांनी.